बहुमताने बसवलेलं गॅस्केट

माणसाने दोन गोष्टी चारचौघांत बोलू नयेत. एक, मला साप पकडता येतो. दोन, गाडीचं काम मी घरीच करणार आहे. पहिल्या गोष्टीत निदान जो काही निकाल लागायचा तो लवकर लागतो. सानगडीच्या इश्वरबाबू लांजेवारांनी दुसरी गोष्ट बोलून दाखवली, आणि तीही सकाळी साडेआठला चहाच्या टपरीवर, म्हणजे टपरी गच्च भरलेली असताना.

झालं होतं असं, की लाखांदूरहून येताना त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीचा काटा तापून तापून टोकाला जाऊन बसला. पुढून वाफ, मागून पांढरा धूर, आणि मधे इश्वरबाबू. गाडी कशीबशी अंगणात आणून त्यांनी ऑइल बघायची कांडी ओढली, तर कांडीला ऑइल नव्हतं, ताक होतं. शेजारी नत्थू धावत आला. नत्थू आयुष्यभर शेतातले डिझेल पंप दुरुस्त करत आलेला, त्यामुळे चाकं असलेल्या आणि नसलेल्या सर्व यंत्रांवर त्याचा हक्क. त्याने ते ताक बोटावर घेतलं, हुंगलं आणि जाहीर केलं, "हेड ग्यासकिट गेलं, इश्वरभाऊ. इंजनाचा वरचा भाग अन् खालचा भाग, याच्या मंधात एक पातळ पत्रा रायते. तो फाटला का पानी तेलात अन् तेल पान्यात."

"मंग?"

"मंग काय, मोठं काम हाय. वरचा पूरा डोका उतरवा लागते."

एवढ्यावर शहाणा माणूस गाडी ग्यारेजात नेतो. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला या गाडीची भंडाऱ्याला आर.टी.ओ.मध्ये तपासणी होती. जुन्या गाडीचा कागद वाढवून घ्यायची ती शेवटची तारीख. गाडी आपल्या पायांनी तिथे पोचली तर अजून पाच वर्षं, नाही तर मोडीत. हाताशी दिवस नऊ. ग्यारेजवाला म्हणाला, दसऱ्यानंतर बघू. एजंटाला तारीख पुढे ढकलायची विचारली तर तो म्हणाला, "ढकलता येते ना, पन त्याच्यासाठी गाडी घेऊन या." इश्वरबाबू स्वतः शाळेत कारकून, पंचवीस वर्षं लोकांना असलीच उत्तरं देत आलेले, त्यामुळे त्यांना रागही धड येईना.

राग आला तो मेहुण्याचा. निर्मलाबाईंचा धाकटा भाऊ भुपेंद्र, साकोलीला राहतो, नवी कोरी उंच गाडी बाळगून आहे. त्याने फोनवर सांगितलं, "भाऊजी, टेन्शन नोका घेऊ. मी टोचन करून नेतो तुमची गाडी. तपासनीत पास नाही झाली तर तिथूनच परस्पर मोडवाल्याले देऊन टाकू, मी बोलून ठेवलो हाय त्याच्याशी." टोचन! म्हणजे साकोलीच्या चौकातून, लाखनीच्या बाजारातून, साऱ्या नातेवाइकांच्या देखत, दोराला बांधून, मेहुण्याच्या मागे. इश्वरबाबूंच्या डोळ्यांसमोर ते चित्र आलं आणि त्याच क्षणी ते टपरीवर ते वाक्य बोलून गेले.

पहिला सल्ला त्यांच्या आईने, गोदावरीबाईंनी दिला. "रेडेटरात हरद टाक. तुह्या बाबानं यस्टीच्या डायवरले टाकताना पाह्यलं होतं." हळद टाकली. गाडी पाच मिनिटं चालली, गळायची थांबली नाही, पण सगळ्या आळीत आलूच्या भाजीचा वास सुटला आणि दोन घरांतून विचारणा आली की आज पाहुणे आहेत का.

मग इश्वरबाबूंनी मोबाइलवर व्हिडिओ लावला. गाडी हुबेहूब तीच होती, फक्त सांगणारा माणूस तमिळ बोलत होता. तरी यंत्राला भाषा नसते असं म्हणून इश्वरबाबू त्याच्या हातांकडे बघत गेले. अडचण एकच होती. तो माणूस दर दोन मिनिटांनी हसायचा, आणि 'असं करा' म्हणून हसतोय की 'असं कराल तर मराल' म्हणून, हे काही केल्या उमगेना.

पण कारकुनाची म्हणून एक शिस्त असते. इश्वरबाबूंनी शाळेतून एक कोरं रजिस्टर आणलं आणि इंजिनातून निघेल त्या प्रत्येक वस्तूला जावक क्रमांक दिला. बोल्ट निघाला की त्याला दोऱ्याने चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर, नंबराची नोंद रजिस्टरात. 'जावक क्र. १७. लांब बोल्ट. मागील डावा कोपरा.' 'जावक क्र. २३. वाकडी पट्टी. प्रयोजन अज्ञात.' तिसऱ्या दिवशी प्रयोजन अज्ञात असलेल्या वस्तूंसाठी त्यांना वेगळं पान काढावं लागलं. सगळा माल ओसरीवर तीन सुपांत मांडला होता आणि निर्मलाबाई त्या सुपांना वळसा घालून झाडत होत्या, पाणी भरत होत्या, आणि दारी शिलाई मशीनवर दिवाळीची ब्लाउजं शिवत होत्या. त्या काही बोलत नव्हत्या. बावीस वर्षांच्या संसारात इश्वरबाबूंनी याचा अर्थ नेहमी संमती असाच घेतला होता.

इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, निघालं. ते तापून किंचित वाकलं होतं, म्हणून साकोलीला लेथवर घासून सरळ करून आणायचं ठरलं. भुपेंद्रला सांगायचं नव्हतं, म्हणून यस्टीने. पंधरा-वीस किलोचं ते धूड निर्मलाबाईंच्या जुन्या लाल लुगड्यात गुंडाळून इश्वरबाबूंनी मांडीवर घेतलं. कंडक्टर आला.

"हे काय हाय?"

"हेड."

कंडक्टर दोन पावलं मागे सरकला. "कोनाचं?"

खुलासा करण्यात पुढचा थांबा आला. कंडक्टर बिचारा नियमाचा माणूस, त्याने पुस्तक काढून सामानाच्या यादीत हेड शोधलं. यादीत शिलाई मशीन होती, पंप होता, कोंबड्या होत्या, हेड नव्हतं. शेवटी त्याने ते 'इतर' या सदरात घातलं आणि तिकीट फाडलं. इतक्यात बाजूच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या बाईने लाल कापडाला हात लावून नमस्कार केला आणि विचारलं, "देवी पयल्या दिवशी बसवाची होती ना जी, आता अष्टमी आली, इतका उशीर काहून केला?" इश्वरबाबू म्हणाले, "सामान भेटत नव्हतं." बाईने कापडावर एक फूल ठेवलं.

हेड सरळ होऊन आलं. नवं गॅस्केटही आणलं, आणि कारकुनाच्या सवयीने दोन प्रतींत आणलं, एक वापरायला, एक कार्यालयीन. अष्टमीच्या दुपारी नत्थूने हेड उचलून धरलं, इश्वरबाबूंनी गॅस्केट हातात घेतलं आणि पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की त्याला दोन बाजू आहेत. एक चकचकीत, एक काळपट. दोन्ही बाजूंनी ते बोल्टांच्या भोकांवर नीट बसत होतं. वर कोणती आणि खाली कोणती, हे त्याच्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. व्हिडिओतला माणूस नेमका त्याच ठिकाणी गॅस्केट पाठीआड झाकून उभा होता, आणि हसत होता.

"चकचकीत वर," नत्थू म्हणाला. "पंपात तशीच रायते."

"खाली," मागून आवाज आला. रिटायर ग्रामसेवक चंद्रकुमार कधीचे येऊन खुर्चीत बसले होते. "आमच्या जीपीत चकचकीत खालीच होती. मी सोता पाह्यलो."

झालं, अंगणात दोन तट पडले. रस्त्याने गवताचा भारा घेऊन जाणारा माणूस भारा उतरवून एका तटात सामील झाला. बोलाचाली वाढली. पंप श्रेष्ठ की जीप श्रेष्ठ, इथपासून ते नत्थूने कोणाचा कोणता पंप कसा बिघडवला इथपर्यंत. शेवटी चंद्रकुमारांनी हात वर केला. एकतीस वर्षं त्यांनी ग्रामसभा चालवल्या होत्या. गावात वाद झाला की ठराव घ्यायचा, एवढी एकच गोष्ट ते आयुष्यात शिकले होते, आणि ती पक्की शिकले होते.

"असं भांडून होत नसते. ठराव घेऊ. इश्वरराव, रजिस्टर द्या. विषय क्रमांक एक, ग्यासकिटची चकचकीत बाजू वर ठेवण्याबाबत. सूचक, नत्थू. अनुमोदक कोन?"

अनुमोदक गवताच्या भाऱ्याचा माणूस झाला. इतक्यात निर्मलाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. गॅस्केट चकचकीत बाजू वर करून इंजिनावर नमुन्यादाखल ठेवलेलं होतं. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अवो, ते उलटं होऊन राह्यलं. हे बारकं भोक झाकून गेलं, पाहा ना."

"वहिनी," चंद्रकुमार गंभीरपणे म्हणाले, "मतदान सुरू झालं हाय. आता सूचना घेता येत नाही. अन् चहात साखर कमी झाली."

गंमत बघा, चंद्रकुमार स्वतः 'चकचकीत खाली'वाले, म्हणजे निर्मलाबाईंच्याच बाजूचे. पण रीत म्हणजे रीत. हात वर झाले. चकचकीत वर, सात. खाली, चार. तटस्थ, एक. तटस्थ होते इश्वरबाबू, ज्यांची गाडी होती. ठराव बहुमताने मंजूर झाला आणि गॅस्केट त्याप्रमाणे बसवण्यात आलं.

संध्याकाळच्या आत सगळं जोडून झालं. चिठ्ठ्या वाचून बोल्ट आपापल्या जागी गेले, शिस्तीचा विजय झाला. इश्वरबाबूंनी चावी फिरवली. गाडी चालू झाली! टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर ऐकू आलं की इंजिन टक-टक-टक-टक करतंय, वरच्या वर, कोरडं. पुढच्या पट्टीवरचा ऑइलचा लाल दिवा लागला होता तो विझेना.

"आपल्या जाग्यावर बसून राह्यलं इंजन," नत्थू म्हणाला. "होते थोड्या वेळानं शांत."

शांत झालं ते इश्वरबाबूंनी चावी काढली म्हणून. चंद्रकुमार उठले, म्हणाले, "मी विरोधात मत दिलो होतो, रजिस्टरात पाहून घ्या," आणि घरी गेले. इश्वरबाबू आणि नत्थूने मुकाट्याने सगळं परत उघडलं, परत चिठ्ठ्या बांधल्या. या वेळी पटापट झालं, कारण उघडण्यात आता त्यांचा हात बसला होता. काय चुकलं हे मात्र दोघांनाही कळेना. आता गॅस्केट तसंच उलटवावं, का बोल्ट कमी घट्ट झाले, का लेथवाल्याने घोळ केला, का हळद अजून आत आहे?

नवमीला सकाळी ते उठून ओसरीवर आले तर सुपं रिकामी. देवघरासमोर पाट, पाटावर पांढरं कापड, आणि कापडावर त्यांची सगळी गाडी. पाने, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर, विळे, मधोमध हेड. राख आणि चिंच लावून घासलेलं, लखलखीत, हळद-कुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेलं. बोल्ट लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेले. एकालाही चिठ्ठी नाही.

"माय! चिठ्ठ्या?"

"चुलीत टाकलो," गोदावरीबाई समाधानाने म्हणाल्या. "इतकी घान बांधून ठेवली होती त्यायले. आज खंडेनवमी हाय, हत्यारं धुवाची रायतेत. तुले तर आठवन नाही."

"माय, एक पाना दे फक्त. परवा सकाळी गाडी न्याची हाय मले."

"पूजेतला पाना उचलतेस? उद्या दसऱ्याच्या सकाळी आरती झाली का घे. वर्षभर राबते तो, एक दिवस आराम करू दे त्याले. तूही कर."

इश्वरबाबू पायरीवर जाऊन बसले. एवढ्यात भुपेंद्र आला. सणाची बहिणीला साडी आणली होती, आणि सोबत पिवळ्याधमक नायलॉनच्या दोराचं भेंडोळं. ते त्याने फाटकाला अडकवून ठेवलं. "परवा साताले येतो, भाऊजी. आपल्या मानसाले मदत मांगाले काय लाजाचं?" तो मनापासून बोलत होता, म्हणूनच ते जास्त लागलं. इश्वरबाबूंना वाटलं, पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारले, एक काम स्वतःच्या हाताने करून दाखवणार होतो, तेही दोराला बांधून निघालं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते ऑइलच्या फडक्याने पुसले आणि प्रकार आणखी बिघडवला.

निर्मलाबाईंनी चेहरा धुवायला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आयकता का. मी एक दाखवू?"

"तुले काय समजते गाडीतलं!"

"गाडीतलं नाही समजत. अस्तरातलं समजते." त्यांनी जुना पेपर घेतला, उघड्या इंजिनावर अंथरला आणि तळहाताने दाबला. ग्रीस लागून भोकांचे काळे गोल पेपरवर उमटले. शिंपीण ब्लाउजाचा कागद बेतते तसा त्यांनी तो कात्रीने कापला आणि कोऱ्या, दुसऱ्या प्रतीच्या गॅस्केटवर ठेवला. चकचकीत वर धरलं तर कोपऱ्यातलं एक बारीक भोक कोऱ्या पत्र्यावर येत होतं. उलटवलं तर भोकावर भोक. "हे तुमचं ग्यासकिट म्हनजे अस्तरच ना? वरच्या कापडाले अन् खालच्या कापडाले जोडनारं. अस्तर उलटं लागलं का काजं झाकून जातेत. मंग वर तेल चढन कुठून? सुकं इंजन टकटक करनारच. माही मशीन नाही करत, तेल नसलं का?"

 इतक्या दिवसांत पहिल्यांदा इश्वरबाबूंना काहीतरी कळलं होतं. खात्री करायला हेडचं भोक बघायला हवं होतं, पण हेड पूजेत, हात लावायचा नाही. म्हणून ते देवघरासमोर सपशेल आडवे झाले, मान वाकडी करून हेडच्या बुडाखाली डोकावले. होतं! तिथेच भोक होतं!

"असा नमस्कार आधी केला असता," गोदावरीबाई म्हणाल्या, "तर इतके हाल नसते झाले."

दसऱ्याला आरती झाली, हत्यारं उठली. चिठ्ठ्या गेल्या होत्या, त्यामुळे रजिस्टर निव्वळ वाङ्मय होऊन बसलं होतं. इश्वरबाबूंनी एक बोल्ट उचलला आणि हताश होऊन बायकोकडे बघितलं.

"हा मांगचा डावा कोपरा," निर्मलाबाई म्हणाल्या. "याच्यावर पाय पडून मी घागरीसकट पडता पडता वाचलो. तो आखूड, तो समोरचा, दोनदा झाडनीत आला होता. अन् ही वाकडी पट्टी, ही तुमी काढली तवा हितं होती, या नळीच्या खाली." इतके दिवस त्या सुपांना नुसता वळसा घालत नव्हत्या तर. त्या सांगत गेल्या, इश्वरबाबू बसवत गेले. गॅस्केट ठेवताना त्यांचा हात थांबला. नत्थू बाजूला उभा राहून सांगत होता, "ठरावात वर ठरली हाय, इश्वरभाऊ, आता तुमी आपल्या मनानं बदलवू नोका." चुकलं तर फाटकावर दोर होताच. इश्वरबाबूंनी चकचकीत बाजू खाली केली.

चार वाजता चावी फिरवली. गाडीने घसा खाकरला आणि चालू झाली. टकटक नाही. लाल दिवा लागला, आणि विझला. निर्मलाबाई शिलाई मशीनवर बसल्या होत्या, त्यांनी मान वर करून ऐकलं आणि पुन्हा पायडल मारायला लागल्या. आपट्याची पानं घेऊन आळी जमली, आणि सोनं देता देता ज्याने त्याने गाडी कोणामुळे चालू झाली ते सांगितलं. नत्थूच्या मते पहिल्या बसवणीत इंजिन मोकळं झालं होतं. चंद्रकुमारांच्या मते अल्पमताचा आदर झाला. गोदावरीबाईंना तर शंकाच नव्हती. इश्वरबाबूही सगळ्यांना हसून म्हणत होते, "घरीच केलो. सोता." मशीनचा आवाज चालू होता.

दुसऱ्या दिवशी ते भंडाऱ्याला निघाले. पुढे नत्थू, मागे चंद्रकुमार आणि निर्मलाबाई, आणि त्यांच्या मागे भुपेंद्रची उंच गाडी, दोरासकट. साकोली गेली, लाखनी गेली. काटा मधोमध. इश्वरबाबू मनातल्या मनात भाषण जुळवत होते. 'काम कोणी केलं?' या एका प्रश्नाची ते नऊ दिवसांपासून वाट बघत होते.

आर.टी.ओ.च्या साहेबांनी गाडी बघितली, दिवे बघितले, हॉर्न वाजवला, बॉनेट उघडलं. हेडवर कुंकवाचा टिळा होता, कडेला झेंडूची पाकळी अडकली होती. त्यांनी कान देऊन इंजिन ऐकलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "इतकं जुनं इंजन अन् असा आवाज! पास हाय तुमची गाडी. हेडचं काम झालेलं दिसते. कोनत्या मेकॅनिककडून केलं जी?"

इश्वरबाबूंनी तोंड उघडलं. 'मी सोता' हे दोन शब्द जिभेवर आले. त्यांनी मागे बघितलं. निर्मलाबाई डबा मांडीवर धरून खिडकीबाहेर, रांगेतल्या दुसऱ्या गाड्यांकडे बघत होत्या. हा प्रश्न आपल्याला कोणी विचारेल असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"माह्या घरवालीनं केलं," इश्वरबाबू म्हणाले.

 साहेब हसले. शिपाई हसला. नत्थू तर बॉनेटवर थाप मारून हसला. "काय इश्वरभाऊ, तुमी बी!" चंद्रकुमार हसले, भुपेंद्र हसला. "ताई? ताईले सायकल नाही चालवता येत, भाऊजी!"

"हसाले काय झालं?" इश्वरबाबू ओरडले. "खरं सांगून राह्यलो मी! तिनंच पाह्यलं ते भोक! तिनंच सांगतलं सारं!" पण ते जितकं ओरडले तितके लोक जास्त हसले. नऊ दिवस त्यांनी काय वाटेल ते ठोकून दिलं होतं आणि सगळ्या गावाने मान डोलावली होती. आज एक वाक्य खरं बोलले, तर ऐकणारा एकही नव्हता. 

साहेबांनी कागदावर सही केली आणि डोळे पुसत म्हणाले, "नसन सांगाचं मेकॅनिकचं नाव, तर नोका सांगू. चांगला मेकॅनिक लोक लपवूनच ठेवतेत."

"लपवून नाही ठेवला जी," इश्वरबाबू म्हणाले. "बावीस वर्षं समोरच होता. मीच नाही पाह्यला."

हे ऐकून कोणी हसलं नाही, कारण कोणाला काही कळलं नाही. निर्मलाबाईंनी मात्र खिडकीतून मान आत घेतली आणि पुढे बघितलं. मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "नत्थूभाऊ, तुमी मांगं येऊन बसा. मी समोर बसतो."